हेल्म्सडेलला पूर्वजांचं गाव शोधायला जाताना: आधी कागद, मग नकाशा, मग गाडी

कॅनडातल्या विनिपेगमधल्या मराठी घरांत ‘किल्डोनन’ हे नाव रोजच्या बोलण्यातलं. कुणी ईस्ट किल्डोननला राहतं, कुणाच्या मुलांची शाळा वेस्ट किल्डोननला असते. हे नाव तिकडे गेलं ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या सदरलंड परगण्यातून. १८१३ पासून तिथल्या किल्डोनन खोऱ्यातली माणसं रेड नदीच्या काठी जाऊन वसली. आता त्यांचे वंशज आपल्या मराठी कुटुंबांत सुना-जावई होऊन येतात, आणि मग एका उन्हाळ्यात सगळं घर ‘मूळ गाव’ बघायला निघतं. मी स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला राहते, त्यामुळे यांतले बरेच जण जाताना आमच्याकडे चहाला थांबतात. मी एकच प्रश्न विचारते, “वाडी कुठली?” बहुतेकांकडे उत्तर नसतं.

मग व्हायचं तेच होतं. हेल्म्सडेलला पोहोचायचं, देशांतर करणाऱ्या कुटुंबाच्या पुतळ्यापाशी फोटो काढायचा, खाऊन परत फिरायचं. पूर्वज जिथे राहत होते ती जागा तिथून आठ-दहा मैल आत राहून जाते.

घोटाळा इथे आहे: हेल्म्सडेल हे पूर्वजांनी सोडलेलं गाव नाही. जमीनदाराने मेंढ्यांसाठी खोऱ्यातून उठवलेल्या लोकांसाठी समुद्रकाठी आखून वसवलेलं ते गाव आहे. कोयनेच्या धरणग्रस्ताला गाव विचारलं तर तो पुनर्वसनाच्या वसाहतीचं नाव सांगून थांबत नाही, पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव घेतो. तुम्हालाही तेच दुसरं नाव शोधायचं आहे, आणि ते शोधायचं काम घरी बसून, निघण्याच्या निदान दोन महिने आधी करायचं आहे.

## टप्पा १: कागद घरी बसून जमवा

सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला द्या. इथे चुकलात तर पुढचा सगळा प्रवास दुसऱ्याच कुणाच्या पूर्वजांकडे जातो.

सुरुवात नेहमी जवळच्या, खात्रीच्या माणसापासून करा आणि एकेक पिढी मागे जा. उलट करू नका. ‘आमचा पूर्वज १८१३ च्या जहाजावर होता’ अशी आठवण घरोघरी असते. त्या नावाचा एक माणूस यादीत सापडला की तोच आपला, असं धरून लोक खाली उतरत येतात. पण किल्डोननच्या नोंदींत गन, मॅके, सदरलंड, मॅथेसन, बॅनरमन, पोल्सन हीच आडनावं पुन्हा पुन्हा येतात, आणि पुरुषांची नावंही मोजकीच: जॉन, डोनल्ड, अलेक्झांडर, विल्यम, जॉर्ज. एकाच खोऱ्यात एकाच वेळी चार ‘जॉन सदरलंड’ असणं अगदी नेहमीचं. आपल्याकडे आडनावाला ‘कर’ असलं की निदान गावाचा माग लागतो. इथे सदरलंड आडनावाचा माणूस सदरलंडचा असेलच असं नाही, आणि आडनावावरून वाडी तर कधीच कळत नाही.

स्कॉटलंडच्या बाजूचे कागद ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. सूची चाळायला सहसा पैसे पडत नाहीत, मूळ पानाची प्रतिमा उघडायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. तिथे कामाला लागण्याआधी एवढं माहीत हवं:

- सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या जुन्या पॅरिश नोंदवह्यांत. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला भाग.)
- पॅरिश वह्यांत बाप्तिस्मे आणि लग्नं मिळतात, मृत्यूच्या नोंदी फार थोड्या. आपल्या माणसाचा मृत्यू सापडला नाही म्हणून शोध चुकला असं समजू नका.
- १८४१ च्या जनगणनेत मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलेली आहेत. ४४ चा माणूस ४० चा दिसतो. त्या पानावर नातीही नाहीत. १८५१ पासून नातं आणि जन्माची पॅरिश दोन्ही मिळतात.
- १८४३ मध्ये चर्च फुटलं आणि हायलंडमधली पुष्कळ माणसं फ्री चर्चमध्ये गेली. त्यानंतरचा बाप्तिस्मा मुख्य पॅरिशच्या वहीत नसेल तर ‘इतर चर्च’ हा विभाग उघडा.

आता एक युक्ती, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. तुमचा पूर्वज १८१३ ला निघून गेला, म्हणजे त्याच्या मृत्यूचा कागद स्कॉटलंडमध्ये नसणार. पण त्याचा एखादा भाऊ किंवा बहीण मागे राहिली असेल आणि १८५५ नंतर वारली असेल, तर तिच्या मृत्यूच्या नोंदीत आई-वडिलांची नावं असायची जागा आहे, आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा. गेलेल्या माणसाचे आई-बाप राहिलेल्या माणसाच्या कागदावर सापडतात. त्यातही एखाद्याचा मृत्यू नेमका १८५५ साली झाला असेल तर भाग्यच, कारण त्या एका वर्षीच्या नोंदीत जन्मस्थान आणि मुलांची नावंही लिहीत. काम वाढलं म्हणून पुढच्या वर्षापासून तो तपशील कमी केला गेला.

माहेरचं आडनाव हा या सगळ्या शोधातला सर्वांत भरवशाचा धागा आहे. स्कॉटलंडच्या नोंदींत लग्न झालेली बाई माहेरच्या आडनावानेही नोंदलेली असते. चार जॉन सदरलंड वेगळे काढायचे तर त्यांच्या बायकांकडे बघा. एकाची बायको मॅथेसन, दुसऱ्याची गन, की गुंता सुटू लागतो.

मुलांची नावं ठेवायची रीतही मदतीला येते. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. हा अंदाज आहे, पुरावा नाही. नावांची रूपंही बदलतात: डोनल्डचा डॅनियल होतो, अँगसचा इनीयस, जॅनेटची जेसी. गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणारा माणूस सांगतोय आणि इंग्रजीत लिहिणारा त्याला जमेल तसं लिहितोय, हे डोळ्यांपुढे ठेवलं की विचित्र वाटणारी नोंदही ओळखू येते. ‘मॅक’ची सगळी लेखनं तपासा, आणि शोधताना मधल्या अक्षरांऐवजी तारा (*) टाकायची सोय आहे ती वापरा.

सावध: शोधाच्या चौकटीत ‘हेल्म्सडेल’ टाकू नका. जुन्या नोंदी पॅरिशवार आहेत. इथली पॅरिश किल्डोनन, शेजारी लोथ. दोन्ही बघा.

तपासा: पुढे जाण्याआधी तुमच्या वहीत निदान एका पूर्वजाचं नाव, जोडीदाराचं माहेरचं आडनाव, पॅरिश आणि एक वर्ष, या चार गोष्टी कागदाच्या आधारासह हव्यात. तीनच असतील तर विमानाचं तिकीट काढायची घाई करू नका.

## टप्पा २: पॅरिशवरून वाडीवर या

बाप्तिस्म्याच्या नोंदीत पुष्कळदा बापाच्या नावापुढे तो राहतो त्या वस्तीचं नाव असतं. तिथे ‘टाउनशिप’ म्हणतात, आपल्या भाषेत वाडीच. आठ-दहा घरं, थोडी शेती, बाकी चराईचं रान. किल्डोनन खोऱ्यात अशा कितीतरी वाड्या होत्या: केन, किलफेडर, टॉरिश, लिअरेबल, सुइसगिल. नोंदीतलं स्पेलिंग नकाशातल्या स्पेलिंगशी जुळेलच असं नाही. मोठ्याने उच्चारून बघा, कान जुळवून देतो.

नाव मिळालं की नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या संकेतस्थळावर जा. ते फुकट आहे. तिथे जुना सहा इंची सर्व्हे नकाशा आणि आजचा उपग्रहाचा फोटो शेजारी-शेजारी उघडता येतो. एका बाजूला बोट फिरवलं की दुसऱ्या बाजूला तीच जागा दिसते. हा सर्व्हे खोरं रिकामं झाल्यानंतर पन्नासेक वर्षांनी झालेला आहे, म्हणून वाडी ‘गाव’ म्हणून दिसणार नाही. ओढ्याच्या, टेकडीच्या किंवा मेंढवाड्याच्या नावात ती उरलेली असते. नावाच्या सुरुवातीला ‘आख’ असेल तर शेत, ‘बाल’ असेल तर वस्ती, असे गेलिक अर्थ उपयोगी पडतात.

जागा सापडली की तिचा ग्रिड संदर्भ (नकाशावरची नेमकी जागा सांगणारी अक्षरं-आकडे) कागदावर लिहून घ्या आणि त्या भागाचा नकाशा छापून घ्या. फोनवर ठेवलेला नकाशा खोऱ्यात उघडेल याचा भरवसा नाही.

वाडीचं नाव अजिबात मिळालं नाही तर? तरीही जा, पण मग लक्ष्य किल्डोननचं जुनं चर्च ठेवा. पॅरिशमधला तुमचा माणूस कुठल्याही वाडीतला असला तरी त्या चर्चशी त्याचा संबंध येणारच.

सावध: गाडीच्या नकाशात नुसतं ‘किल्डोनन’ टाकू नका. अरन बेटावर किल्डोनन आहे, स्काय आणि साउथ युइस्ट बेटांवरही आहे. अरनवालं निवडलंत तर तुम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला, फेरीबोटीच्या धक्क्यावर जाऊन उभे राहाल. ‘हेल्म्सडेल’ टाका आणि तिथून पुढे रस्त्याच्या क्रमांकाने जा.

## टप्पा ३: तारीख, मुक्काम, गाडी

दोन दिवस ठेवा. इन्व्हर्नेसहून हेल्म्सडेल सुमारे ७० मैल, दीड तासाचा रस्ता, त्यामुळे सगळ्यांना एका दिवसात जाऊन येण्याचा मोह होतो. मीही पहिल्यांदा तेच केलं. मामेबहिणीच्या सासूबाई विनिपेगहून आल्या होत्या, नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. वाटेत दोन-तीन ठिकाणी रमलो, गावात जेवलो, आणि किल्डोननच्या दफनभूमीत शिरलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. सूर्य टेकडीआड गेलेला. दगड समोर होते, अक्षरं दिसत नव्हती. त्या बाई एकेका दगडावर तळहात ठेवून पुढे जात राहिल्या. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला असं परत न्यावं लागलं, ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून तारखेचा विचार उजेडाच्या हिशेबाने करा. जूनमध्ये रात्री दहानंतरही दिसतं, डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनलाच मावळतं. पण जून ते ऑगस्ट ‘मिज’ नावाचे चिलटासारखे बारीक किडे वारा पडला की तोंडावर तुटून पडतात. मला मे महिना सर्वांत योग्य वाटतो. उजेड लांब, किडे कमी, आणि ब्रॅकन नावाचं नेच्यासारखं झुडूप अजून वाढलेलं नसतं. हे शेवटचं कारण महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये त्या झुडपाखाली घरांची जोती पार बुडून जातात.

टाइमस्पॅन हे हेल्म्सडेलमधलं संग्रहालय आणि तिथलं दफ्तर, म्हणजे जुन्या कागदांचा संग्रह, कधी उघडं असतं ते ऋतूनुसार बदलतं. आधी ईमेल करा, आणि त्यात टप्पा १ मधल्या चार गोष्टी लिहा. ‘आमचे पूर्वज इथले होते, काही माहिती मिळेल का’ एवढंच विचारलंत तर समोरचा माणूस कितीही सज्जन असला तरी काय शोधणार?

गाडीबद्दल थोडक्यात. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. तरी गाडी भाड्याने देणारे वयाची आणि परवाना किती जुना आहे याची स्वतःची अट घालतात, ती आधी वाचा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षण करतानाच सांगा. भारतातून आलेल्याला डावी बाजू सवयीची असते, कॅनडातून आलेल्याला नसते, त्यामुळे स्टीअरिंग कुणाकडे द्यायचं ते घरीच ठरवा. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे मात्र आपल्या लोकांनी घोकून ठेवावं. वेगाचे सगळे आकडे मैलांत असतात. आणि स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. एका ग्लासाचा हिशेब करत बसू नका, चालवणाऱ्याने घेऊच नये.

गाडी चालवायची नसेल तर इन्व्हर्नेसहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे हेल्म्सडेलला थांबते आणि पुढे किल्डोननलाही. किल्डोनन हा ‘मागितला तर थांबा’ आहे, म्हणजे उतरायचंय हे आधी सांगावं लागतं. दिवसातून गाड्या मोजक्याच, परतीची वेळ आधी बघा.

बॅगेत हवं ते: पाणी न शिरणारे घोट्यापर्यंतचे बूट, पावसाचं जाकीट, हात-आरसा, विजेरी, मऊ ब्रश, वही, शिसपेन्सिल (पावसात पेनाची शाई पसरते), छापलेला नकाशा, आणि गोचिडी काढायचा छोटा आकडा.

## टप्पा ४: इन्व्हर्नेस ते हेल्म्सडेल

इन्व्हर्नेसलाच टाकी भरा. ए-९ रस्ता धरा आणि केसॉक पुलावरून उत्तरेला निघा. पुढे क्रोमार्टी फर्थ ही खाडी सखल पुलावरून ओलांडायची, मग टेन गावाला वळसा घालून डॉर्नॉक फर्थचा पूल. डाव्या-उजव्या दोन्ही हातांना पाणी, भरती-ओहोटीप्रमाणे कधी चकाकतं, कधी नुसती ओली वाळू.

जास्त देखणा रस्ता हवा असेल तर आल्नेसपाशी बी-९१७६ ला वळा. हा स्ट्रुईचा डोंगररस्ता. वरच्या थांब्यावरून डॉर्नॉक फर्थ आणि पलीकडचे सदरलंडचे डोंगर एका नजरेत येतात. मग बोनर ब्रिजवरून खाली येऊन पुन्हा ए-९ गाठायचा. १९९१ ला नवा पूल होईपर्यंत उत्तरेकडची वाहतूक बोनर ब्रिजवरूनच जायची. पाऊण तास जास्त धरा. ढग खाली उतरलेले असतील तर या फाट्याला जाऊ नका, वर काहीच दिसणार नाही.

लॉक फ्लीट या खाडीच्या बंधाऱ्यापाशी, ज्याला ‘द माउंड’ म्हणतात, गाडी लावायला जागा आहे. ओहोटीच्या वेळी वाळूवर सील पहुडलेले दिसतात. मुलं बरोबर असतील तर इथे थांबा, त्यांच्यासाठी पुढचा दिवस थडग्यांचाच आहे.

गोल्स्पीच्या वर, बेन ब्रॅगी टेकडीवर, ज्याच्या घराण्याने ही माणसं उठवली त्या सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा उंच पुतळा आहे. वंशज त्याच्याकडे बघून गप्प होतात, काहींना तिथे चढून जावंसं वाटतं. चढ-उतरीला दोन तास सहज जातात. पहिल्या दिवशी ते करू नका. पुढे लागणारा डनरॉबिन किल्लाही परतीच्या वाटेवर ठेवा. ब्रोरा ओलांडलं की अर्ध्या तासाच्या आत हेल्म्सडेल येतं.

तपासा: दुपारी एकच्या आत गावात पोहोचलात का? पोहोचला असाल तर दफ्तराला द्यायला पूर्ण दुपार हाती आहे.

## टप्पा ५: गावात आधी दफ्तर, पुतळा नंतर

थेट टाइमस्पॅनमध्ये जा. सोबत मूळ कागद नेऊ नका, प्रती न्या. कुळाची वंशावळ एका पानावर मावेल अशी काढा: तीन-चार पिढ्या, माहेरची आडनावं, वर्षं. वीस पानांची फाइल टेबलावर ठेवली तर निम्मा वेळ ती समजावण्यात जातो.

विचारायचे प्रश्न नेमके ठेवा. या वाडीचं नाव आज कुठल्या नावाने ओळखतात? तिथवर पायवाट आहे का? नदी कुठून ओलांडता येते? या कुटुंबाचं थडगं किल्डोननच्या जुन्या दफनभूमीत आहे की हेल्म्सडेलच्या? तुमच्या मनात भावनेचं वादळ असेल, पण त्या तासाभरात रस्त्याचे प्रश्न आधी विचारा.

संग्रहालयाने केन या वाडीवर उत्खननही केलं आहे. ते बघून घेतलंत तर उद्या रानात गेल्यावर समोरचे दगड घराचे की मेंढवाड्याचे हे कळायला सोपं जाईल.

संध्याकाळी पुतळ्यापाशी जा. ‘एमिग्रंट्स’ हे जेरल्ड लेंग यांचं शिल्प २००७ साली बसवलं. बाप पुढे बघतोय, मुलगा बापाकडे, आणि कडेवर तान्हं घेतलेली आई मागे वळून खोऱ्याकडे. याचीच प्रतिकृती विनिपेगमध्ये रेड नदीकाठी आहे, त्यामुळे तिकडून आलेल्या मुलांना हे ओळखीचं वाटतं. त्यांना आईची नजर कुठे जाते ते दाखवा. उद्या तिकडेच जायचंय.

## टप्पा ६: खोऱ्यात गाडी नेताना

सकाळी लवकर निघा. गावातून ए-८९७ आत जातो, हेल्म्सडेल नदीच्या बाजूबाजूने. हा एकेरी रस्ता आहे: एकच गाडी मावेल एवढा, आणि थोड्या थोड्या अंतरावर बाजू देण्याची जागा. नियम सोपे आहेत, तरी पाहुणे रोज चुकतात.

१. जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरा.
२. जागा उजव्या हाताला असेल तर तिच्यात शिरू नका. रस्त्यावरच तिच्या समोर थांबा, समोरचा तिच्यात शिरून निघून जाईल.
३. मागून गाडी आली तर बाजू देऊन तिला पुढे जाऊ द्या. तो माणूस कामावर निघालेला असतो.
४. समोरच्याने बाजू दिली की हात वर करा.
५. या जागांत गाडी उभी करून फोटो काढायला उतरू नका. इथल्या लोकांचा सर्वांत जास्त संताप याच गोष्टीचा.

मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात, हॉर्न वाजवून उपयोग नाही, सावकाश पुढे सरका. तिन्हीसांजेला हरणं एकदम पुढ्यात येतात. एक ओलांडलं की लगेच वेग घेऊ नका, मागून दुसरं येतं.

सावध: फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका. कुठे चाललो आणि किती वाजता परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

## टप्पा ७: किल्डोननचं चर्च आणि दगड वाचणं

हेल्म्सडेलपासून नऊ-दहा मैलांवर किल्डोनन येतं. चर्च शेताला लागून आहे. गाडी लावताना शेताचं फाटक अडवू नका, आणि जे फाटक बंद होतं ते बंद करून, जे उघडं होतं ते उघडंच ठेवून पुढे जा.

दफनभूमीत शिरल्यावर सगळे विखरून आपापला दगड शोधू लागतात, आणि तासाभराने कुणी कुठला बघितला तेच कळत नाही. रांगा पाडा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. आपल्या आडनावाचे दगड तेवढेच टिपू नका, माहेरच्या आडनावांचेही टिपा. आपली माणसं बहुधा तिथेच सापडतात.

अक्षरं पुसट असली तर खडू, पीठ, दाढीचा फेस, तारेचा ब्रश यांतलं काहीही दगडाला लावायचं नाही. मऊ वालुकाश्माचा पापुद्रा निघतो आणि अक्षर कायमचं जातं. शेवाळही खरवडू नका. त्याऐवजी आरसा घ्या. दगडाच्या बाजूला उभं राहून ऊन अगदी तिरपं, दगडाला घासून जाईल असं पाडा.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच बाईंना घेऊन मी पुन्हा गेले, तेव्हा हेच केलं. राखाडी-पिवळ्या डागांनी भरलेला कोरा वाटणारा दगड होता. आरसा हळूहळू फिरवला. आधी नुसत्या उभ्या रेघा दिसल्या, मग रेघांना सावली आली, आणि ‘इरेक्टेड बाय’ हे शब्द वर आले. खाली नाव, त्याखाली ‘अँड हिज स्पाउस’, आणि मग बायकोचं नाव, माहेरच्या आडनावासकट. बाईंनी पर्समधून आमचा एक पानी तक्ता काढला आणि त्या आडनावावर बोट ठेवलं. तेच होतं.

ऊन नसेल तर विजेरी तशीच तिरपी धरा. फोटो तीन काढा: पूर्ण दगड, जवळून अक्षरं, आणि आजूबाजूच्या दगडांसह.

नाव कोरलेला दगड नाही सापडला तर निराश होऊ नका. १८१९ च्या आत रिकाम्या झालेल्या खोऱ्यातल्या गरीब कुळांना कोरीव दगड कुठून परवडणार? गवतात टोक वर काढून बसलेले, काहीही न लिहिलेले दगड दिसतील. तीही थडगीच असतात. त्यांच्यावर बसू नका, पाय देऊ नका.

## टप्पा ८: वाडीवर

आता छापलेला नकाशा काढा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने खासगी मोकळ्या रानातूनही जबाबदारीने पायी जाण्याचा हक्क आहे. घराच्या अंगणातून किंवा उभ्या पिकातून नाही. एप्रिल-मेमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा कळपापासून लांब राहा. शरद ऋतूत हरणांची शिकार चालते, त्यासाठी लावलेल्या पाट्या वाचा आणि पाळा.

वाडी ओळखायची ती हिरव्या रंगावरून. आजूबाजूला हेदरची तपकिरी खुरटी झुडपं आणि मध्येच पोपटी गवताचा तुकडा दिसला की तिथे माणसं आणि गुरं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, जमिनीला खत मिळत होतं. नेटल ही अंगाला लागताच खाजकुइलीसारखी झोंबणारी वनस्पतीही जुन्या घरांपाशीच उगवते.

जवळ गेल्यावर गुडघ्याएवढे दगडी गडगे दिसतील, चुन्या-मातीशिवाय रचलेले. लांबट जोतं, कोपरे थोडे गोलसर, मध्ये दाराची फट. घर उतारावर असेल तर वरच्या टोकाला माणसं, खालच्या टोकाला गुरं, म्हणजे शेण-मूत बाहेर वाहून जाई. कोकणातल्या माणसाला हा हिशेब समजावावा लागत नाही. जवळच एखादा गोल खड्डा असेल तर ती बहुधा धान्य वाळवायची भट्टी.

मोठा, उंच भिंतींचा आयताकार वाडा दिसला तर थांबा. तो पुष्कळदा माणसं उठवल्यानंतर बांधलेला मेंढवाडा असतो, कधी कधी त्याच घरांचे दगड काढून. ‘हेच आमचं घर’ म्हणून त्याच्यापुढे फोटो काढणारे मी पाहिले आहेत. जुन्या नकाशावरच्या आकाराशी ताडून बघा.

सावध: एकही दगड उचलून आणू नका, लहानसाही नाही. यांतल्या काही जागा कायद्याने संरक्षित आहेत, आणि नसल्या तरी भिंतीतला दगड भिंतीतच राहू दे. माती नेऊ म्हणाल तर विमानतळावर अडेल.

परत गाडीशी आल्यावर प्रत्येकाने पायाच्या पोटऱ्या, गुडघ्यामागे, कमरेपाशी गोचिडी बघायच्या. त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. चिकटलेली असेल तर आकड्याने सरळ ओढून काढा, तेल किंवा काडेपेटी नको.

## टप्पा ९: बॅडबे, वेळ उरला तरच

हेल्म्सडेलच्या उत्तरेला ए-९ वरून थोड्याच मैलांवर बॅडबेची पाटी येते. समुद्राच्या कड्यावरची उजाड वाडी, गाडी लावून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. वारा इतका असतो की मुलं आणि गुरं कड्यावरून पडू नयेत म्हणून बांधून ठेवत, असं सांगतात. आपली मुलं हाताला धरा.

पण लक्षात घ्या, ही वाडी किल्डोननची नाही. केथनेस परगणा, लॅथरन पॅरिश. तुमच्या कागदावर किल्डोनन असेल तर स्मारकावरची नावं तुमची समजून उतरवून घेऊ नका.

## टप्पा १०: निघण्याआधी, तिथेच

नोंदी घरी जाऊन नीट लिहू म्हणाल तर निम्म्या विसराल. मुक्कामावर त्याच रात्री बसा आणि प्रत्येक जागेसाठी लिहा: वाडीचं नाव आजच्या आणि जुन्या स्पेलिंगात, ग्रिड संदर्भ, तारीख, कुठल्या कागदावरून इथे आलो, आणि काय पाहिलं. जे खात्रीचं आहे ते शाईने, जो अंदाज आहे तो पेन्सिलीने. वंशावळीची एक स्वच्छ प्रत टाइमस्पॅनच्या दफ्तराला द्यायची का, ते विचारा. तुमच्यासारखाच दुसरा कुणी त्याच आडनावाने शोधत येतो, तेव्हा अशीच प्रत उपयोगी पडते.

मामेबहिणीच्या सासूबाईंनी त्या रात्री वाडीचं नाव वहीत रोमनमध्ये लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. खाली देवनागरीत लिही म्हणाल्या, नातीला दोन्ही आज्यांच्या बाजूंनी वाचता आलं पाहिजे.